गावातल्या युद्धकैद्यांचं आणि त्यांना आसरा देणाऱ्यांचं स्मारक कसं उभारावं

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत. शत्रूच्या छावणीत वर्षं काढून जे परत आले, त्यांचा तर वेगळा आकडासुद्धा नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी बहुतेक गावांत तेवढी पाटीही लागली नाही.

ही माणसं थोडी नव्हती. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जवान तुर्कांच्या हाती सापडले. पुढची वाट उपासमारीची होती, आणि रास अल ऐनच्या रेल्वेकामावर अनेक हिंदी कैदी राबले. दुसऱ्या महायुद्धात २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर चढाई केली ती नेमकी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, म्हणजे 'काळी पाचवीं', जिथे होती त्या आग्नेय बाजूने. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि पलटण कैदेत गेली. तिथून अनेक हिंदी कैदी समुद्रापार इटलीत नेले गेले. अब्रुझ्झो भागातल्या आवेझ्झानोची ९१ क्रमांकाची छावणी मुख्यतः हिंदी कैद्यांची होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली, कित्येक छावण्यांची दारं उघडली, आणि जर्मन फौजा येण्याआधी हजारो कैदी डोंगरांत पांगले. त्यांना भाकरी, कपडे, गोठ्यात झोपायला जागा दिली ती तिथल्या शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी. एक कैदी पकडून दिला तर १८०० लिरा इनाम होतं; लपवला तर घर जाळलं जाण्याची किंवा गोळी घातली जाण्याची भीती.

आपल्या गावचा कैदी आणि त्याला वाचवणारं ते परकं घर, दोघांची आठवण एकाच दगडावर हवी असं आमचं ठाम मत आहे. एकाशिवाय दुसऱ्याची हकिकत अर्धी राहते. काम अवघड नाही, पण दगडात कोरलेली चूक पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. म्हणून यातला निम्म्याहून अधिक वेळ दगडाला हात लावण्याआधीच जातो, आणि जायलाच हवा.

आधी नावं

सुरुवात घरांतून करा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, रेडक्रॉसमार्फत आलेली कैद्याची पोस्टकार्डं, पदकं, तसबिरीमागे लिहिलेला मजकूर. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती वाचायला पदक चिंचेने किंवा ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. खिडकीजवळ कड तिरपी धरून मोबाइलवर जवळून फोटो घ्या, आडव्या उजेडात पुसट अक्षरंही उठून दिसतात.

सगळ्यांत मोलाचा आहे तो लष्करी क्रमांक. एकाच तालुक्यात एकाच नावा-आडनावाचे पाच-सहा जवान सहज सापडतात, आणि कागदांवर बऱ्याचदा वडिलांचं नाव नसतं. क्रमांक हाती असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरकडच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिण्यात अर्थ आहे. नुसतं नाव लिहून पाठवलेल्या पत्राला उत्तर येणं कठीण. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आणि वारसाच्या सहीने पाठवा.

कैदेत मरण आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही ऑनलाइन शोधता येते. त्यांच्या हिशेबात पहिलं महायुद्ध ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत आणि दुसरं ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत धरलं जातं. त्यानंतर वारलेला किंवा सुखरूप परतलेला माणूस तिथे सापडणार नाही, म्हणून 'नोंद नाही' याचा अर्थ 'गेलाच नव्हता' असा काढू नका. मेसोपोटेमियात पडलेल्यांची आठवण बसरा मेमोरियलवर आहे, पण तिथल्या दगडावर हिंदी शिपायांची नावं नव्हती, फक्त पलटणवार संख्या होती. नावं कमिशनच्या नोंदवहीत शोधावी लागतात. इटलीत दहन झालेल्या पाचशेहून जास्त हिंदी जवानांची नावं सांग्रो नदीकाठच्या दहन स्मारकाशी जोडलेली आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने ऑनलाइन खुल्या केल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी मात्र त्यांना अर्ज करावा लागतो आणि ते अर्ज ठरावीक काळातच, ठरावीक संख्येपर्यंत घेतात. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ २०८ या मालिकेत निसटलेल्या कैद्यांचे जबाब आहेत.

शोधताना लोक कुठे अडखळतात ते सांगतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर गेलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाची चार-पाच रूपं टाकून पाहावी लागतात. जिल्हे बदललेले असतात: रायगड म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा, सिंधुदुर्ग त्याच सालापर्यंत रत्नागिरीत, आणि सांगलीचा बराच भाग तेव्हाच्या साताऱ्यात. संस्थानी गाव असेल तर जिल्ह्याच्या जागी 'कोल्हापूर स्टेट', 'सावंतवाडी', 'औंध', 'भोर' असं लिहिलेलं सापडेल. खेड हे गाव पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. पलटणीचे आकडे १९२२ मध्ये बदलले: १०३ झाली पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. आजोबा '११० मध्ये होते' आणि कागदावर 'तिसरी पलटण' असेल तर तो विरोध नव्हे, सालाचा फरक आहे.

नाव कोरायचं की नाही, याला एकच नियम ठेवा: एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे, त्यांपैकी किमान एक कागद किंवा पदक. घरची सांगी आणि शेजारची सांगी हे दोन पुरावे होत नाहीत, दोघांनी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेलं असू शकतं. जी नावं या चाळणीतून आत्ता पार पडत नाहीत ती नाकारू नका, वहीत वेगळी ठेवा. दगडावर त्यांच्यासाठी पाच-सहा ओळी मोकळ्या सोडायच्या आहेत.

सिंगापूर पडल्यावर किंवा युरोपातल्या छावण्यांतून काही कैदी आझाद हिंद फौजेत गेले. त्यावरून गावात वाद निघतो. स्मारक कैदेत गेलेल्यांचं आहे आणि तेही कैदेत गेलेच होते, तेव्हा त्यांचं नाव त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत घ्या. निवाडा करायचं काम दगडाचं नाही.

मदत करणाऱ्यांची नावं

इथे घाई करू नका. नातवंडांना आठवतं ते बहुतेकदा 'एका म्हातारीने भाकरी दिली' इतकंच. तेवढं असेल तर नाव शोधून चिकटवू नका, भागाचं किंवा गावाचं नाव लिहा. गाव ठाऊक असेल तर तिथल्या कोमुनेला, म्हणजे नगरपालिकेला, इटालियन भाषेत छोटं पत्र पाठवा: जवानाचं नाव, फोटो, अंदाजे महिना, आणि घराजवळची आठवणारी खूण, गिरणी, ओढा, चर्च, जे असेल ते. लहान गावांत असा फोटो पाहून कोणी ना कोणी पुढे येतं.

युद्धानंतर मदत करणाऱ्या कुटुंबांना इटलीतल्या दोस्त फौजांचे सेनापती फील्डमार्शल अलेक्झांडर यांच्या सहीचं आभारपत्र दिलं गेलं. असंख्य इटालियन घरांत ते अजून जपलेलं आहे. त्या पत्रावरचं नाव पक्कं धरता येतं. त्याची प्रत मागा. ज्यांची नावं कोराल त्यांच्या वारसांची लेखी संमतीही घ्या. नाव देवनागरीत आणि खाली मूळ लिपीत, असं दोन्ही कोरा. देवनागरी लिहिताना इंग्रजी वळणाने वाचू नका, नाहीतर जुझेप्पेचा 'गियुसेप्पे' होतो आणि ते कुटुंब भेटीला आलं की ओशाळायची वेळ येते.

मदत आणि हौतात्म्य यांची सरमिसळ टाळायला एक उदाहरण लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये एपिनालच्या जर्मन छावणीवर ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांचे बॉम्ब पडले, भिंती फुटल्या आणि सुमारे ५०० हिंदी कैदी पायी स्वित्झर्लंडला पोहोचले. वाटेतल्या एतोबों गावाने त्यांना जेवू घातलं. २७ सप्टेंबर १९४४ ला त्या गावच्या ३९ पुरुषांना शेजारच्या शेनेबिएमध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या, पण ती शिक्षा प्रतिकार चळवळीला साथ दिल्याची होती. 'आमच्या जवानांना वाचवलं म्हणून मारले गेले' असं तिथे लिहिणं चुकीचं ठरेल. जे केलं ते आणि जे भोगलं ते दोन वेगळ्या वाक्यांत लिहा.

मजकूर

लहान ठेवा. 'शूरवीर', 'अजरामर', 'नरवीर' अशी विशेषणं जागा खातात आणि नावं बारीक करायला लावतात. असा मजकूर पुरतो:

'दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत गेलेले या गावचे जवान.' त्याखाली नावं. मग: 'सप्टेंबर १९४३ नंतर इटलीतल्या अब्रुझ्झो भागातल्या ज्या शेतकरी आणि मेंढपाळ कुटुंबांनी त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला, त्यांचं हे गाव ऋणी आहे.'

नावं अकारविल्हे लावा, हुद्द्याप्रमाणे नाही. कैदेत वारलेल्यांच्या नावापुढे एक छोटी खूण आणि साल. परत आलेल्यांसाठी वेगळा दगड किंवा खालचा रकाना करू नका. हुद्दा त्या काळचाच लिहा: तेव्हाचा जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, पण दगडावर 'जमादार'च हवं. अशोकस्तंभाचं चिन्ह कोरू नका, राजमुद्रेच्या वापराला २००५ च्या कायद्याने बंधन आहे. पलटणीचं बोधचिन्ह हवं असेल तर बेळगावहून लेखी परवानगी घ्या.

जागा आणि कागदपत्रं

ग्रामसभेचा ठराव पहिला. ठरावात जागेचा गट नंबर किंवा मिळकत क्रमांक, स्मारकाची लांबी-रुंदी-उंची, मजकुराची प्रत आणि देखभाल कोण करणार हे लिहून घ्या. नुसतं 'स्मारक उभारण्यास मंजुरी' असा ठराव पुढच्या कार्यकारिणीत अडतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून जागा ग्रामपंचायतीचीच आहे हे बघा. शाळेच्या आवारात असेल तर जिल्हा परिषदेची, रस्त्याकडेला असेल तर बांधकाम खात्याची परवानगी. रस्ता रुंद झाला की पहिलं पडतं ते असं स्मारक, म्हणून शक्यतो रस्त्याकडेची जागा टाळा. पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मोठी फाइल. नावांच्या दगडाला पुतळ्याची गरजही नाही.

पाटी पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून असावी. पश्चिमेचं ऊन चकचकीत दगडावर पडलं की दुपारनंतर अक्षर दिसत नाही, आणि कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. वड, पिंपळ, उंबर यांच्यापासून लांब राहा; मुळं पाया उचलतात.

एक पर्याय सुचवावासा वाटतो. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, यांच्या आठवणीसाठी इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलं. ते कैदी नव्हते, १० जुलै १९४४ ला तिथे लढताना पडले, पण स्मारकाची कल्पना घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तसं करायचं तर तिरपा काटा गावाच्या अक्षांशाइतक्या कोनात हवा: साताऱ्याकडे साधारण पावणेअठरा अंश, माणगावकडे सव्वाअठरा. इटलीचा नमुना उतरवला तर कोन त्रेचाळीसच्या आसपास जाऊन तास चुकतात. काट्याचं टोक खऱ्या उत्तरेकडे. आणि घड्याळ बरोबर असूनही मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरासरी ३५ मिनिटं मागे दिसेल, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. ही गोष्ट खाली एका ओळीत कोरा, नाहीतर येणारा प्रत्येक जण ते बिघडलंय असं सांगून जाईल.

दगड आणि अक्षरं

दोन वाटा आहेत. गावचा काळा दगड आणि पाथरवटाची छिन्नी, किंवा पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आणि सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा करून अक्षर कोरणं. काळ्या दगडाला भोकं असतात, बारीक अक्षर टिकत नाही. अक्षर किमान ४० मिलिमीटर उंच आणि ४-५ मिलिमीटर खोल हवं. नावं दहाच्या आत असतील तर हाच घ्या, रंग भरायची गरज पडत नाही. नावं जास्त असतील तर ग्रॅनाइट. पांढरा संगमरवर उघड्यावर नको, पावसाने खरबरीत होतो आणि शेवाळ धरतो.

ग्रॅनाइटचा हिशेब असा. अक्षराची उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत २५ मिलिमीटर, ओळीला ५० मिलिमीटर जागा, म्हणजे वर वेलांटी आणि खाली उकार एकमेकांना भिडत नाहीत. रिकाम्या ओळी धरून २४ नावं दोन रकान्यांत १२-१२ घेतली की ६०० मिलिमीटर. मथळा २००, ऋणाचा मजकूर २५०, वर-खाली मिळून १५० समास. झाली चार फूट उंची. रुंदी तीन फूट. ओट्याला वापरतात ती १८-२० मिलिमीटरची फरशी घेऊ नका, उचलतानाच कोपरा जातो. ३० मिलिमीटर जाडी सांगा. असा दगड ९० किलोच्या आसपास भरतो, उचलायला चौघं हवेत.

अक्षर जाड आणि सारख्या रेघेचं निवडा. बारीक रेघ असलेल्या फॉन्टची शिरोरेषा ब्लास्टिंगमध्ये तुटते आणि अनुस्वार उडतो. खोली २ ते ३ मिलिमीटर. रंग मोतिया पांढरा. सोनेरी लवकर काळवंडतो. सगळ्यांत मोठा घोळ होतो तो टाइप करताना. तुमचा युनिकोड मजकूर दुकानदार त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवतो आणि 'कऱ्हाड' चं 'कर्हाड', 'शेतकऱ्यांनी' चं 'शेतकर्यांनी' होतं. क्ष, ज्ञ, श्र कधी फुटतात. म्हणून रबर स्टेन्सिल कापण्याआधी पूर्ण मापाची कागदी किंवा फ्लेक्सची प्रत काढा, जागेवर टांगा, आठ दिवस ठेवा, आणि प्रत्येक घराची आपापल्या ओळीसमोर सही घ्या. चूक सापडली की नवी प्रत, पेनने केलेली दुरुस्ती नव्हे. दुकानदार जुनीच फाइल कापतो.

पाया, भिंत, बसवणं

काम दिवाळीनंतर सुरू करा, गुढीपाडव्यापर्यंत संपवा. दगड बसवायची भिंत पाच फूट रुंद, साडेसहा फूट उंच, सव्वा फूट जाड. काळ्या जमिनीत वरच्यावर पाया घेतला तर माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपी चीर जाते. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा, कमीत कमी तीन फूट. कोकणात जांभा वर असेल तर दीड-दोन फुटांत भागतं. खड्डा साडेसहा बाय तीन फूट. तळाला सहा इंच काँक्रीट १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी), त्यावर दगडी बांधकाम १:६ (सिमेंट, वाळू) मसाल्यात. साहित्य ढोबळमानाने: दगड सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वाळू अर्धा ब्रास, सिमेंट सात-आठ पोती, खडी दहा-बारा घनफूट. दहा दिवस पाणी मारा आणि दगड चढवायला किमान तीन आठवडे थांबा. ओल्या भिंतीवर बसवलेल्या दगडातून लोणा फुटतो आणि पांढरे डाग कायमचे राहतात. भिंतीची टोपी दोन इंच पुढे काढा आणि तिच्या खालच्या बाजूला बोटभर खाच द्या, म्हणजे पाणी पाटीवर न ओघळता खाली ठिबकतं.

पाटी जमिनीपासून दोन फुटांवर सुरू व्हावी. तिच्या बुडाशी भिंतीतच दोन इंचांचा कठडा सोडा. दगडाचं वजन त्यावर, रबरी पट्ट्यांच्या आधाराने. बाजूंना चार स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा: देशावर ३०४ प्रतीचं स्टील चालतं, समुद्राजवळ ३१६च घ्या. लोखंडी खिळे आणि सळ्या अजिबात नकोत, गंज फुगतो आणि दगडाचा कोपरा उडवतो. मागे सिमेंटचा गिलावा भरून दगड चिकटवण्याची गवंड्यांची सवय आहे, ती मोडा. मागे एक सेंटिमीटर पोकळी आणि खाली पाणी जायला दोन भोकं ठेवा. कडा बुजवायला न्यूट्रल सिलिकॉन. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन दगडावर डाग पाडतं.

त्यानंतर

पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, एवढंच. ॲसिड, हार्पिक, लिंबू, फिनाइल यांतलं काही नको. ग्रॅनाइट एकवेळ तरेल, पण शेजारी जुनी संगमरवरी पाटी असेल तर तीवर ॲसिडचा एकच हात फिरला की अक्षरांच्या कडा जातात. जुन्या पाटीची अक्षरं ऑइलपेंटने रंगवू नका. ती आहे त्या भिंतीतच राहू द्या आणि नवा दगड तिच्याजवळ घ्या.

उद्घाटकाच्या नावाचा दगड करायचाच तर तो वेगळा, लहान, आणि भिंतीच्या मागल्या बाजूला.

पुराव्यांची वही, पत्रं, फोटोंच्या प्रती आणि सह्या असलेली कागदी प्रत यांचे तीन संच करा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक बेळगावला. रिकाम्या ओळींत पुढे नाव कोरायचं झालं तर पाटी काढावी लागते, क्लिपा त्यासाठीच आहेत. म्हणून कोणत्या फॉन्टची, किती मापाची फाइल वापरली तेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि फाइलची प्रत पेनड्राइव्हवर सोबत द्या.